घर आपले, जमीन पट्ट्याची : सदनिकेखालील जमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत कशी वाढवावी?

रत्नागिरी शहरातून निघून भाट्ये खाडीवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचे बन व समुद्र लागतो आणि रस्त्यालगत नारळ संशोधन केंद्राच्या बागा दिसू लागतात. या भाट्ये गावातील एका ख्रिस्ती कुटुंबाने गेल्या पावसाळ्यात आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. कुटुंबप्रमुखांनी मुंबईत नोकरी करीत असताना उपनगरातील एका सहकारी सोसायटीत दोन खोल्यांची सदनिका घेतली होती. निवृत्तीनंतर ते पत्नीसह गावी परतले आणि सदनिका भाड्याने दिली. आता पत्नीच्या उपचारांसाठी ती विकावयाची होती. गिऱ्हाईक मिळाले, किंमत ठरली, इसाराची रक्कमही हाती आली. परंतु गिऱ्हाइकाच्या बँकेने कर्ज नाकारले. कारण एका ओळीचे होते. सोसायटीची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, त्या जमिनीचा ६० वर्षांचा भाडेपट्टा २०३४ मध्ये संपत आहे. वीस वर्षांचे कर्ज आणि दहा वर्षांचीही मुदत न उरलेली जमीन, हे गणित बँकेला जमेना.

‘‘आम्ही पूर्ण पैसे भरले, मुद्रांक शुल्क भरले, कर भरतो. मग घर आमचे नाही काय?’’ असे त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले. कोकणातील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय गावी व एक पाय मुंबई-ठाण्यात असतो. मुंबईच्या घराची किल्ली आपल्याजवळ असते, परंतु त्या घराखालच्या जमिनीचे कागद आपण क्वचितच पाहिलेले असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम मूळ गोष्ट. भाडेपट्टा म्हणजे जमीन ठरावीक काळासाठी, ठरावीक मोबदल्यात उपभोगण्याचा हक्क. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये त्याची व्याख्या आहे. जमिनीची मालकी देणाऱ्याकडेच राहते. मुंबई आणि परिसरात अशा जमिनी फार आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या वसाहतींतील भूखंड पट्ट्याने दिले गेले व पुढे ते महापालिकेकडे आले. म्हाडाच्या अनेक वसाहतींमध्ये सोसायटीला इमारत विक्रीखताने मिळते, पण जमीन पट्ट्याने. नवी मुंबईतील सिडकोचे भूखंड ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या शासकीय जमिनी, बंदर प्राधिकरणाच्या जमिनी, आणि खाजगी जमीनदारांच्या वा न्यासांच्या जमिनी आहेत. या प्रत्येक प्रकाराचे नियम निराळे आहेत. शेजारच्या सोसायटीचे काम ज्या पद्धतीने झाले तीच पद्धत आपल्याला लागू होईल असे गृहीत धरणे चुकीचे ठरते.

कोकणातील माणसाचा येथे आणखी एक गैरसमज होतो. खोती रद्द झाल्याचा १९४९ चा कायदा आणि १९४८ चा कूळकायदा आपल्या आजोबा-पणजोबांच्या स्मरणातील आहेत. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. त्यामुळे ‘‘इतकी वर्षे राहिलो, आता जमीन आपोआप आपलीच’’ अशी समजूत मनात घर करून असते. परंतु कूळकायदा शेतजमिनीसाठी व कसणाऱ्यासाठी होता. सोसायटीच्या इमारतीखालील पट्ट्याच्या जमिनीला तो न्याय लागू पडत नाही. पट्टेदार साठ वर्षे राहिला म्हणून मालक होत नाही. साठाव्या वर्षाच्या अखेरीस कलम १११ प्रमाणे पट्टा संपुष्टात येतो, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सदनिकाधारकाच्या नावावर पट्टा सहसा नसतोच. त्याच्याजवळ असते ते खरेदीचे करारपत्र आणि सोसायटीचे भागपत्र, ज्याला आपण शेअर सर्टिफिकेट म्हणतो. जमिनीचा पट्टा असतो सोसायटीच्या नावावर. म्हणून मुदतवाढ मागण्याचा अधिकारही सोसायटीचा. एकट्या सभासदाने अर्ज केला, वकील लावला, पैसे भरण्याची तयारी दाखविली, तरी त्याच्या एकट्याच्या सदनिकेपुरती मुदत वाढून मिळत नाही. परदेशी असलेली मुले कधी कधी इंग्लंडमधील पद्धत वाचून वडिलांना सल्ला देतात. तेथे घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक सदनिकेचा स्वतंत्र पट्टा असतो. १९९३ च्या कायद्याने तेथील सदनिकाधारकाला ९० वर्षांची वाढ मागण्याचा वैयक्तिक हक्क मिळाला आणि २०२४ च्या कायद्यात ती वाढ ९९० वर्षांपर्यंत नेण्याची तरतूद झाली. आपल्याकडे असा सर्वसाधारण वैयक्तिक हक्क देणारा कायदा नाही. आपल्या हाती आहे तो पट्टाकरार, आणि त्यात लिहिलेले शब्द.

म्हणून सर्वांत आधी तो करार वाचावा. सोसायटीच्या कार्यालयात त्याची प्रत असावयास हवी. नसल्यास करार जेथे नोंदला गेला त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. सोबत मालमत्ता पत्रकाचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढावा. जमीन मालकीची आहे की पट्ट्याची, आणि पट्टेदार म्हणून कोणाचे नाव आहे, हे त्यावर दिसते. कराराचे पहिले पान पाहून थांबू नये. पट्टा सुरू होण्याची तारीख करारावर सही झाल्याच्या तारखेहून पुष्कळदा वेगळी, कधी कधी बरीच आधीची, असते. मुदत मोजावयाची ती सुरू होण्याच्या तारखेपासून.

त्यानंतर नूतनीकरणाचे कलम शोधावे. ते आहे काय? असल्यास एकदाच मिळणारे आहे की पुन्हा पुन्हा? किती वर्षांसाठी? नवे भाडे कसे ठरणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, सूचना किती आधी व कोणत्या रीतीने द्यावयाची? या शेवटच्या प्रश्नावर सर्व काही अवलंबून असते. कॅल्टेक्स कंपनी विरुद्ध भगवान देवी मरोडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पट्टेदाराविरुद्ध निकाल दिला तो याच कारणाने. नूतनीकरणाची मागणी करारातील तारखेच्या आत झाली पाहिजे; नूतनीकरण ही पट्टेदाराला दिलेली विशेष सवलत असल्याने तिच्या अटी काटेकोरपणे पाळल्या गेल्या पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. करारात ‘मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष’ असे असेल, तर अकरा महिने आधी दिलेले पत्र उशिराचेच. पत्र लेखी असावे, पोचपावतीने द्यावे व त्या पावतीची प्रत सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवावी. दुसरी गोष्ट, कलमात स्पष्ट शब्द नसतील तर न्यायालये ‘कायम पुन्हा पुन्हा नूतनीकरण’ असा अर्थ सहसा लावीत नाहीत. एकदा नूतनीकरण झाले आणि नव्या करारात ते कलम आले नाही, तर पुढच्या पिढीसमोर पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. नवा करार करताना ते कलम नीट लिहून घेणे ही आजच्या सभासदांची जबाबदारी आहे.

‘मुदतवाढ’ आणि ‘नूतनीकरण’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात त्यांत भेद आहे. मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालतो, तर नूतनीकरणात नवा पट्टा जन्मास येतो व त्यासाठी नवा दस्त करावा लागतो. कोणत्याही मार्गाने गेले तरी एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. नुसत्या पत्रव्यवहारावर किंवा अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मुदत संपली आणि काहीच केले नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणी दाराशी येऊन सामान बाहेर काढत नाही. यामुळेच लोक निर्धास्त राहतात. मुदत संपल्यावरही जमीनमालकाने भाडे स्वीकारले वा अन्यथा संमती दिली, तर कलम ११६ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, घरासाठीचा पट्टा महिनेवारी चालू राहिल्याचे मानले जाते. पण महिनेवारी पट्ट्यावर कोणती बँक कर्ज देणार आणि कोणता विकासक इमारत नव्याने बांधावयास घेणार? मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. महापालिकेने टर्फ क्लबला दिलेला त्याचा पट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला. पुढील अकरा वर्षे घोड्यांच्या शर्यती चालू राहिल्या, परंतु जमिनीचा निर्णय लोंबकळत राहिला. २०२४ मध्ये तोडगा निघाला तेव्हा १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेली आणि सुमारे ९१ एकरांचा पट्टा ३० वर्षांसाठी क्लबला मिळाला. श्रीमंत संस्थेला अकरा वर्षांची अनिश्चितता परवडू शकते. उपचारांसाठी सदनिका विकू पाहणाऱ्या वृद्ध दांपत्याला एक वर्षही परवडत नाही.

आमच्या कृषिप्रधान वाचकांना हे निराळ्या शब्दांत सांगावयाचे तर, उंच जातीचा नारळ लावल्यावर फळ धरावयास साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. आठ वर्षांनी ज्या जमिनीवरील हक्क सुटणार, तेथे शहाणा माणूस नारळाचे रोप लावील काय? बँकेचा व विकासकाचा विचार याहून वेगळा नसतो. बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातही हेच व्यवहारज्ञान आढळते. पन्नासाव्या वर्षी, म्हणजे जुबिलीच्या वर्षी, जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची. म्हणून मधल्या काळातील विक्रीची किंमत जुबिलीपर्यंत किती पिके हाती येतील यावरून ठरवावी, वर्षे अधिक तर किंमत अधिक, वर्षे थोडी तर किंमत थोडी, असा तेथे दंडक आहे. २०२५ चे जुबिली वर्ष आपण साजरे केले तेव्हा या अध्यायावर ठिकठिकाणी प्रवचने झाली. त्यातील हा हिशेब मात्र आपल्या घराच्या कागदांना लावून पाहण्याचे कोणास सुचले नसेल. आम्हांसही सुचले नव्हते.

काही सोसायट्यांत अडचण याहून खोल असते. जमीनमालकाने पट्टा दिला तो बांधकाम व्यावसायिकाला. त्याने इमारत बांधली, सदनिका विकल्या, सोसायटीही स्थापन झाली, पण पट्ट्याचे हक्क सोसायटीच्या नावे करून दिलेच नाहीत. अशा वेळी नूतनीकरण मागणार कोण? पट्टेदार म्हणून नाव दिसते ते कदाचित आज हयातही नसलेल्या व्यावसायिकाचे. सदनिकांबाबतच्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने यावर उपाय दिला आहे. व्यावसायिक हक्क हस्तांतरित करीत नसेल, तर सोसायटी सक्षम प्राधिकारी या नात्याने काम पाहणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. याने जमिनीची मालकी मिळत नाही, कारण ती व्यावसायिकाकडेही नव्हती. मिळतो तो पट्ट्याचा उरलेला हक्क. नूतनीकरणाची पायरी त्यानंतरची. या दोन पायऱ्यांत काही वर्षे सहज जातात. म्हणून पट्ट्याची दहा-पंधरा वर्षे शिल्लक आहेत असे म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

शासकीय जमिनींसाठी आणखी एक मार्ग आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली ८ मार्च २०१९ रोजी जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भोगवटादार वर्ग दोनच्या आणि शासनाने पट्ट्याने दिलेल्या काही जमिनी, बाजारमूल्याच्या ठरावीक टक्क्यांइतके अधिमूल्य भरून, भोगवटादार वर्ग एकमध्ये रूपांतरित करून घेता येतात. एकदा रूपांतर झाले की पट्ट्याच्या मुदतीचा प्रश्नच उरत नाही. या नियमांत आरंभीच्या सवलतीच्या काळासाठी कमी दर व त्यानंतर अधिक दर अशी रचना करण्यात आली आणि पुढे त्यांत बदलही झाले. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून दर गृहीत न धरता अर्जाच्या दिवशी लागू असलेला दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावा. हे नियम महसूल खात्याच्या जमिनींना लागू आहेत. म्हाडा, सिडको, महापालिका वा खाजगी मालकाच्या पट्ट्याला ते तसेच्या तसे लागतील असे समजू नये.

खर्चाविषयी थोडे. नूतनीकरणाचे अधिमूल्य, वाढीव वार्षिक भाडे, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि वकिलाची फी असे त्याचे घटक असतात. महाराष्ट्रात २९ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यावर मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर मुद्रांक शुल्काची आकारणी होते, हे अनेकांना ऐनवेळी कळते. दस्त करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून शुल्काचा अभिनिर्णय करून घेणे हिताचे. भाडेवाढ अवाजवी वाटल्यास दाद मागता येते. मुंबई बंदराच्या जमिनींवरील पट्टेदारांनी भाडेवाढीविरुद्ध दिलेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की सार्वजनिक संस्थेने खाजगी जमीनदाराप्रमाणे नफेखोरी करू नये, वाजवीपणाने वागावे. मात्र तिला वाजवी उत्पन्न मिळविण्याचा अधिकार आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे नाममात्र भाडे तसेच राहील ही अपेक्षाही धरता येत नाही.

हा बोजा सर्व सभासदांवर पडतो आणि त्यांतील पुष्कळ आज निवृत्तिवेतनावर जगत असतात. आमचे मत असे की, मुदत संपण्याच्या बऱ्याच आधीपासून सोसायटीने यासाठी स्वतंत्र निधी साठवावा. मासिक देयकातून थोडी थोडी रक्कम बाजूला पडली तर विधवा भगिनींना आणि वृद्धांना अखेरीस एकरकमी मागणीला तोंड द्यावे लागत नाही. सभेत बोलणारे व हिशेब जाणणारे आपले काही बंधुभगिनी असतात. त्यांनी आपल्या सोसायटीत ही गोष्ट काढावी.

दिवंगत सभासदांच्या नावाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. वडील वारले, भागपत्रावर त्यांचेच नाव, मुले तीन ठिकाणी. अशा सदनिकेच्या वतीने सभेत मत कोणी द्यावे व रक्कम कोणी भरावी? नामनिर्देशन असल्यास सोसायटी त्या व्यक्तीच्या नावे सभासदत्व करते, परंतु वारसांचा मालकीहक्क त्यामुळे नाहीसा होत नाही. मृत्युपत्र असल्यास, २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेण्याची सक्ती नाही, ही माहिती आपल्यापैकी अनेकांना अजूनही नसते. नावे वेळीच लावून घ्यावीत.

जाता जाता, हे केवळ घरांपुरते नाही. धर्मग्रामाची एखादी वास्तू, शाळा वा दवाखाना पट्ट्याच्या जमिनीवर असल्यास धर्मग्रामाच्या अर्थसमितीने याच डोळ्यांनी तो करार वाचावा. आणि चर्चची जमीन दुसऱ्यास पट्ट्याने द्यावयाची असेल, तर कॅनन कायद्याचा नियम १२९७ बिशप परिषदेच्या निकषांकडे व सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीकडे बोट दाखवितो. नियम १२९८ तर क्षुल्लक बाबी वगळता चर्चची मालमत्ता तिच्या प्रशासकांना वा त्यांच्या जवळच्या नातलगांना विशेष लेखी अनुमतीवाचून विकण्यास अथवा पट्ट्याने देण्यास मनाई करतो.

भाट्ये येथील त्या कुटुंबाकडे परत येऊ. त्यांच्या विनंतीवरून पट्टाकराराची प्रमाणित प्रत काढण्यात आली. त्यात नूतनीकरणाचे कलम निघाले; ३० वर्षांसाठी, एकदाच, आणि मुदत संपण्यापूर्वी किमान एक वर्ष लेखी मागणी करण्याच्या अटीवर. सोसायटीच्या विद्यमान कार्यकारिणीतील एकाही सदस्याने ते कलम पूर्वी वाचलेले नव्हते. गावी राहणारे, परदेशी असलेले व सदनिका भाड्याने दिलेले सभासद मिळून निम्म्याहून अधिक भरले, आणि वार्षिक सभेला त्यांतील कोणी जात नसे. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. त्यानुसार त्या गृहस्थांनी रत्नागिरीहूनच दूरध्वनीवर बोलून, पत्रे पाठवून पुरेशा सह्या मिळविल्या. सभेने नूतनीकरणाची मागणी आताच करण्याचा, निधी सुरू करण्याचा आणि वकील नेमण्याचा ठराव संमत केला.

सदनिकेची विक्री अजून झालेली नाही. पहिले गिऱ्हाईक निघून गेले आणि इसार परत करावा लागला. पत्नीच्या उपचारांसाठी तूर्त नातलगांकडून उसने घेण्यात आले आहे. ठरावाची प्रत आणि मागणीपत्राची पोच दाखविल्यावर दुसऱ्या एका बँकेने, नव्या पट्ट्याचा दस्त नोंदला गेल्यास नव्या गिऱ्हाइकाच्या कर्जाचा विचार करू, असे लेखी कळविले आहे. जमीनमालक संस्थेकडून अधिमूल्याचा आकडा येण्याची सोसायटी वाट पाहत आहे.